घुबडाच्या पोटातला प्रश्न

जिंकलेले पैसे कोणी मशीनमध्ये सोडून जावेत, हे मला बघवत नाही. पैसे माझे नसले तरी बघवत नाही. म्हणून त्या बाईकडे माझं लक्ष गेलं. एरवी सकाळी साडेअकराला पबमध्ये येऊन अर्धा ग्लास शँडी, म्हणजे लेमनेड मिसळलेली बिअर, घेणाऱ्या बाईकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

आमचा पब म्हणजे थॉर्नक्लो गावातला ‘बॉबिन’. अकरा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या नवऱ्यानं तो चालवायला घेतला. दोन वर्षांत नवरा बर्नलीच्या एका बाईबरोबर निघून गेला आणि पब माझ्याकडे राहिला. या वाटणीत मी फायद्यात आहे. डार्ट्सच्या फळ्याशेजारी प्रश्नांचं मशीन होतं. पडद्यावर चष्मा लावलेलं एक घुबड यायचं, म्हणून सगळे त्याला घुबडच म्हणायचे. पन्नास पेन्स टाकायचे. घुबड प्रश्न विचारणार, खाली तीन उत्तरं दाखवणार आणि हळूहळू डोळे मिटत नेणार. डोळे मिटायच्या आत बटण दाबायचं. बरोबर आलं की एक पायरी वर, चुकलं की घुबड ‘हूऽऽ’ करून सगळं गिळून टाकणार. पायऱ्या बारा. आठव्या पायरीवर दहा पौंड, बाराव्यावर वीस. पाचव्या पायरीपासून पुढे तांबडं बटण लुकलुकायचं. ते दाबलं की त्या पायरीचे पैसे घेऊन घरी जाता यायचं; हिरवं दाबलं की पुढचा प्रश्न. शहाणी माणसं आठव्या पायरीवर तांबडं बटण दाबतात, कारण दहाव्यानंतरचे प्रश्न घुबडाच्या बापालाही येणार नाहीत असे.

ही बाई आठव्या पायरीवर पोचायची आणि हिरवं दाबायची. पुढे जायची, चुकायची, दुसरं नाणं टाकायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बटणं कळली नसतील. ग्लास पुसत पुसत मी जवळ गेले.

“बाई, तांबडं दाबलं की पैसे पडतात बरं का.”

“हो का? आभारी आहे,” ती म्हणाली आणि माझ्यादेखत हिरवं दाबलं.

साठीच्या आतबाहेरची, नीटनेटकी, कोटाचं वरचं बटणही लावलेलं. शनिवारी तर ती चक्क बाराव्या पायरीवर पोचली. वीस पौंड खणखणत खाली पडले, डार्ट्सवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याचं टपाल आपल्या दारात पडावं तसं तिनं त्या नाण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडून सुटे घेतले आणि एकेक करून घुबडाच्या घशात परत घातले. माझा जीव नुसता खालीवर होत होता.

आणखी एक गोष्ट. घुबडाच्या अंगाला दोऱ्यानं एक कार्ड आणि पेन्सिल बांधलेली होती: ‘उत्तर चुकीचं वाटलं? इथे लिहा.’ वर्षानुवर्षं त्यावर लोकांनी शिव्या सोडून काही लिहिलं नव्हतं. या बाईनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘ब्लॅकबर्डची मादी काळी नसते, तपकिरी असते. घुबड चुकलं आहे. मिसेस टी. ऑग्डेन.’ खाली तारीखसुद्धा.

“कोण आहे ही?” नेव्हनं विचारलं.

नेव्ह म्हणजे नेव्हिल क्रॅब्ट्री. पूर्वी पोस्टमन होता, आता घुबडांवर जगायचा. सोमवारी आणि गुरुवारी बसनं यायचा आणि घुबडं जागोजाग होती तोवर दिवसभरात अकरा पब पालथे घालायचा. बाकीच्या पबवाल्यांनी त्याला दारातूनच हाकलायला सुरुवात केली होती. माझ्याकडे त्याला एका अटीवर मुभा होती: दिवसाला एकच मोठं बक्षीस, आणि जाताना मटण-बटाट्याची पाई विकत घेऊन खायची. डोक्यावर कायम टोपी आणि आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही. त्या वहीत घुबडाचे चार हजार प्रश्न होते. प्रश्न म्हणजे प्रश्नाचे पहिले दोन शब्द आणि समोर उत्तर. नेव्ह प्रश्न वाचायचाच नाही. पहिले दोन शब्द दिसले की बोट बटणावर पडलेलं असायचं.

“मला काय माहीत कोण आहे,” मी म्हटलं. “पण जिंकते आणि परत घालते.”

“परत घालते?” नेव्हचे डोळे चमकले. “बेरिल, या बाईला रोज फुकट शँडी देत जा. ती भरते, मी काढतो. याहून चांगला संसार कुठे बघितलायस?”

“मेल्या, लाज वाटू दे जरा.”

पण मलाच जास्त उत्सुकता लागली होती. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तोच विचार. श्रीमंत म्हणावी तर कोटाची कॉलर विरलेली. वेडी म्हणावी तर ब्लॅकबर्डच्या मादीचं बरोबर होतं, मी पशुवैद्याला विचारून खात्री केली.

मग बुधवारच्या टपालात मशीनच्या कंपनीचं पत्र आलं: गुरुवारी दुपारी दोन वाजता माणूस येईल, घुबड घेऊन जाईल आणि त्या जागी फळांच्या चित्रांचं फिरतं मशीन बसवेल. बाई मशीनशी होतीच. मी पाईचा एक तुकडा घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, मिसेस ऑग्डेन, उद्यापासून तुमचे पैसे वाचणार. आणि पत्र दाखवलं.

तिचा चेहरा असा उतरला की मी पाईची बशी तिच्या हातात न देता आधी खुर्ची ओढली.

“उद्या?” ती म्हणाली. “आसपास हे एकच राहिलंय. ॲक्रिंग्टनचं गेल्या महिन्यात नेलं.”

“अहो, मशीन आहे ते. एवढं काय आहे त्यात?”

ती घुबडाकडे वळली. मग म्हणाली, “माझा नवरा आहे त्यात.”

मी बशी तिच्यापुढे ठेवली.

“क्लिफ वाचनालयात होता. निवृत्त झाल्यावर घरी बसून या मशीनसाठी प्रश्न लिहायचा. एका प्रश्नाचा सव्वा पौंड मिळायचा. तीन हजारांवर लिहिले असतील. एकेक प्रश्न तीन-तीन पुस्तकांत ताडून बघायचा. ब्लॅकबर्डची असली चूक क्लिफनं जन्मात केली नसती. मार्चमध्ये गेला तो.” तिनं बशीची कड बोटानं पुसली. “आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, थेल, एक प्रश्न मी खास तुझ्यासाठी घातलाय. त्याचं उत्तर तुझ्याइतकं जगात कोणालाच माहीत नाही. जाऊन शोध, सापडेल.”

“कोणता प्रश्न?”

“तेच तर. सांगेल तर शपथ! म्हणाला, सांगितलं तर मजा काय राहिली? मग मला वाटलं, बरा होऊन येईल तेव्हा विचारू.”

तिनं कंपनीला फोन केला होता. तिथली मुलगी गोड बोलली, पण सगळ्यांचे प्रश्न एकाच पातेल्यात ओतलेले, कोणता कोणाचा हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. म्हणून ही बाई रोज येऊन पातेलं ढवळत होती. पैसे घेतले की डाव संपतो, आणि डाव पुढे नेला की आणखी एक प्रश्न दिसतो. तिला प्रश्न हवा होता. मला इतकी लाज वाटली की मी पाईचे पैसे घेतले नाहीत, आणि ‘बॉबिन’मध्ये असं कधी घडत नाही.

गुरुवारी नेव्ह दारातून आत आला तसं मी त्याला कोपऱ्यात घेतलं.

“वही काढ.”

“कसली वही?”

“नेव्हिल.”

“बेरिल, ही वही मी बायकोलासुद्धा दाखवलेली नाही.”

“तुला बायको कुठे आहे?”

“म्हणूनच नाही!”

मी त्याला सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की वही उघडली नाहीस तर यापुढे माझ्याकडे ना पाई, ना बसायला खुर्ची. तो धमकीला घाबरला असं मला वाटत नाही. वही छातीशी धरून तो मिसेस ऑग्डेनकडे टक लावून बघत होता. चार हजार प्रश्न खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला ते लिहिणारं कोणीतरी असेल हे कधी सुचलंच नसावं.

“दाखवणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “पण बघतो. बाई, तुमच्याबद्दल सांगा. शाळा?”

“सेंट बार्थोलोम्यू.”

पानं उलटली. “नाही. काम?”

“आधी गिरणीत, मग शाळेच्या स्वयंपाकघरात.”

“नाही. जनावर पाळलं होतं?”

“एक कासव होतं.”

“कासवावर सहा प्रश्न आहेत,” नेव्ह गंभीरपणे म्हणाला, “पण त्यात तुमचं कोणी नाही. जन्म कुठला?”

“इथलाच. थॉर्नक्लो.”

नेव्हचं बोट थांबलं. त्यानं एका ओळीकडे पाहिलं, मग बाईकडे, मग परत ओळीकडे.

“माहेरचं नाव काय तुमचं?”

“ब्रायर्ली. थेल्मा ब्रायर्ली.”

नेव्हनं वही मिटली. आणि डोक्यावरची टोपी काढली. अकरा वर्षांत मी त्याचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं.

“आहे,” तो म्हणाला. “प्रश्न आहे. मला पाठ आहे. सांगू?”

मिसेस ऑग्डेन उठून उभी राहिली. “नको. एक अक्षर सांगू नका. त्यानं तो मला विचारलाय, मीच उत्तर देईन. शपथ घ्या.”

“घेतली,” नेव्ह म्हणाला. “पण तो अकराव्या-बाराव्या पायरीशिवाय निघत नाही. तुम्ही आपल्या चालीनं चढलात तर दोन वाजेपर्यंत चार वेळा वर पोचाल. सरका जरा.”

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. नेव्हची बोटं बटणांवर अशी पडत होती की घुबडाला डोळे मिटायला सवडच नव्हती. अर्ध्या मिनिटात दहावी पायरी. तिथे तो हात काढायचा आणि बाजूला व्हायचा. मिसेस ऑग्डेन वाकून प्रश्न वाचायची. नाही, हा नाही, आणि तोवर बहुतेकदा घुबडाचे डोळे मिटलेले असायचे. पुन्हा. मधेच तांबडं बटण लुकलुकायचं आणि नेव्हचा अंगठा सवयीनं तिकडे निघायचा. मग तो दुसऱ्या हातानं अंगठा मुठीत दाबून धरायचा. दोनदा वीस पौंड पडले. ते त्यानं स्वतःच्या हातानं परत घातले, तोंड दुसरीकडे करून.

पावणेदोनला कंपनीचा माणूस ढकलगाडी घेऊन हजर. जाडजूड, घामाघूम.

“अजून दोन वाजायचेत,” मी म्हटलं. “पाई खा.”

“मी जेवून आलोय, बाई.”

“घरच्या घरी केलेली आहे. बरोबर शिजवलेले मटारही आहेत.”

तो बसला. एक पाई संपली, मी न विचारता दुसरी वाढली. वर रस्सा ओतला. घड्याळाचा काटा दोनच्या पुढे गेला तसं मी त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. त्याच्या आईला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“बाई!” नेव्ह ओरडला.

मी धावले. नेव्ह दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकला होता, हात पाठीमागे. बारावी पायरी. पडद्यावर लिहिलं होतं:

थॉर्नक्लोची गुलाबराणी १९५८ साली कोण होती?

खाली तीन नावं. ऑड्री हॅलिवेल. थेल्मा ब्रायर्ली. जोन डकवर्थ.

दर जूनमध्ये आमच्या चर्चच्या मिरवणुकीत एक मुलगी गुलाबराणी होते. डोक्यावर मुकुट, खांद्यावरून मागे लोळणारा मखमली शेला आणि तो धरायला मागे चार मुली. एका वर्षी एकच राणी, आणि जिला तो मान मिळतो ती म्हातारी झाली तरी गावात त्याच नावानं ओळखली जाते. मी बाहेरची, त्यामुळे १९५८ चं मला काय ठाऊक! मी मिसेस ऑग्डेनकडे पाहिलं. ती हसत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

“अगंबाई! हे होय!” ती म्हणाली. “मी होते ना त्यात. शेला धरून मागे चालत होते. काय जड होता! हात भरून आले होते माझे. नाव घातलं बघा माझं, मुद्दाम फसवायला. लबाड! पण राणी ऑड्री होती.”

घुबडाचे डोळे अर्धे मिटले होते. नेव्हच्या कपाळावर घाम आला होता. त्याचे ओठ हलले, पण त्यानं शपथ घेतली होती.

मिसेस ऑग्डेननं शाळेतल्या हुशार मुलीसारखं ताठ बोट करून ऑड्री हॅलिवेल दाबलं.

‘हूऽऽ,’ घुबड म्हणालं.

पडद्यावर अक्षरं आली. बरोबर उत्तर: थेल्मा ब्रायर्ली.

कंपनीच्या माणसाचा काटा तेवढा बशीवर वाजत होता.

“चूक आहे हे,” मिसेस ऑग्डेन म्हणाली. “ऑड्रीच होती. माझ्याकडे फोटो आहे, पेपरातसुद्धा आलं होतं. क्लिफला चांगलं माहीत होतं. तो तर तीन-तीन पुस्तकं…” आणि ती थांबली.

“बाई,” नेव्ह हळूच म्हणाला, “हा प्रश्न मी अकरा वेळा जिंकलोय. बॅरोपासून क्रूपर्यंतच्या गावांत माझ्यासारखे तीस-पस्तीस जण आहेत, घुबडांवर जगणारे. त्यातल्या कोणालाही अर्ध्या झोपेतून उठवून विचारा, थॉर्नक्लोची गुलाबराणी कोण. सगळे एकच नाव सांगतील. ऑड्रीचं नाव तिकडे कोणी ऐकलेलंसुद्धा नाही.”

नेव्हनं टोपी कोणासाठी काढली होती ते आता मला उलगडलं.

मिसेस ऑग्डेननं पडद्यावरच्या आपल्या नावावर तळहात ठेवला. पडदा गरम असणार, पण तिनं हात काढला नाही.

“तो त्या दिवशी को-ऑप दुकानाच्या पायऱ्यांवर उभा होता,” ती म्हणाली. “सतरा वर्षांचा. लग्न झाल्यावर सगळ्यांना सांगत सुटायचा, मी गुलाबराणीला बघितलं आणि तिथेच ठरवलं. मी म्हणायचे, अरे शहाण्या, राणी ऑड्री होती, मी मागे होते. तो म्हणायचा, असेल बुवा, पुढे कोण होतं ते मी बघितलंच नाही. चौतीस वर्षं आम्ही यावरून भांडलो. दर जूनमध्ये.” तिनं पडद्यावर हलकीच चापट मारली. “आणि आता मेल्यानं शेवटचा शब्द स्वतःकडेच ठेवला. मशीनमध्ये घालून ठेवला!”

मी बारचा टॉवेल डोळ्यांना लावला. बिअरचा वास येत होता त्याला, पण माझा इलाज नव्हता. नेव्ह भिंतीकडे तोंड करून वही पिशवीत गुंडाळत होता. बराच वेळ लागला त्याला.

कंपनीचा माणूस तोंड पुसत आला. त्यानं प्लग काढला. घुबड आणि नाव दोन्ही पडद्यावरून गेली. मग त्याला दोऱ्याचं कार्ड दिसलं. ते तोडून त्यानं वाचलं आणि तो चकितच झाला.

“बापरे, कोणीतरी खरंच लिहिलंय! मिसेस ऑग्डेन कोण?”

“मी.”

“बरं झालं भेटलात. यातले प्रश्न आम्ही आता नव्या मशीनांत भरतोय, लंडनकडच्या पबांसाठी. चुकीचे असतील ते आत्ताच गाळायचेत.” त्यानं खिशातून अर्ज काढला, ब्लॅकबर्डचं उतरवून घेतलं आणि पेन्सिल ओली करून तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही बारकाईनं बघणाऱ्या दिसता. आणखी काही चुकीचं आढळलं?”

नेव्ह वळून उभा राहिला. मी टॉवेल खाली केला. पंधरा दिवस मी या बाईला पाहत होते. एका पाखराच्या रंगासाठी तारीख घालून तक्रार करणारी बाई.

मिसेस ऑग्डेननं कोटाचं वरचं बटण लावलं.

“नाही,” ती म्हणाली. “बाकी सगळं बरोबर आहे.”